ट्रेमधला निर्दोष दात

१

ट्रेमध्ये एक दात होता आणि त्याला काहीही झालेले नव्हते. गुन्हा म्हणायचा तो एवढाच.

दातांच्या दवाखान्यात ट्रेमध्ये दात सापडावा यात खळबळ उडण्यासारखे काही नाही. तो तिथे नसता तर उडायची. पण हा दात डोक्यावर बसवलेल्या टोपीसकट, म्हणजे कॅपसकट, बाहेर आला होता आणि त्याची मुळे आदर्श विद्यार्थ्याच्या वहीसारखी स्वच्छ होती. कीड नाही, पू नाही, तडा नाही. जो काढायचा होता तो किडका भाऊ दुसऱ्या बाजूला, तशाच टोपीखाली, अजून सुखाने नांदत होता.

मी बाहेर बाकावर बसलो होतो. उजवीकडची खालची दाढ ठणकत होती. जीभ मात्र सवयीने वर डावीकडच्या खिंडारात जाऊन बसत होती. तिथला दात इथल्याच थोरल्या डॉक्टरांनी फार पूर्वी काढला, तेव्हापासून माझ्या जिभेचे ते माहेर आहे.

माझ्या शेजारी ज्याचा दात गेला तो गृहस्थ कापूस चावत बसला होता. बसस्थानकावर कोणती गाडी कुठे लागली हे सांगणारा तो निवेदक. संतापलेला नव्हता. त्याला फक्त काळजी होती. कापसातून तो मला म्हणाला, "म्हणजे आता तो दुसराही काढायचाच ना? मग 'स' कसा म्हणू? आमच्या सगळ्या गाड्या 'सुटणाऱ्या' असतात."

काउंटरमागे व्यवस्थापिका उभी होती. दवाखाना तिला ताई म्हणतो. ती थोरल्या डॉक्टरांची मुलगी. घरी त्यांना बाबा म्हणते, दवाखान्यात सर. त्या दिवशी दोन्हीतला एकही शब्द तिला सुचत नव्हता. तिने मला बाजूला घेतले.

"काका, तुमचे साडू विमा कंपनीत तपासनीस होते ना?"

"होते. आता निवृत्त आहेत. म्हणजे फक्त घरच्यांवर संशय घेतात."

"त्यांना बोलवाल? मालक शनिवारी येतायत. बाबांचा हात चुकला असं ठरलं, तर बाबांची खुर्ची गेली. आणि ते ठरवून, लिहून, खाली सही करून द्यायचंय मी."

२

माझ्या साडूला आमच्या सासरी शंकासुर म्हणतात. लग्नात अंतरपाट दूर झाल्यावर त्याने आधी मुलगी तीच आहे ना याची खात्री केली होती म्हणे. आमच्या बायका बहिणी आहेत, एवढ्या एका गोष्टीवर त्याने आजवर शंका घेतलेली नाही. आणि ती घ्यावी असे मला अनेकदा वाटले आहे.

ताईने आम्हाला आतल्या खोलीत बसवून सगळे सांगितले. दवाखाना मूळचा डॉक्टरांचाच. वय झाले तसा तो त्यांनी एका मालकाला दिला. अट एकच: हात चालतो तोवर खुर्ची त्यांची. या मालकाचे असे बरेच दवाखाने आहेत आणि प्रत्येकात ताईसारखी एक व्यवस्थापिका किंवा व्यवस्थापक. गेल्या वर्षी त्या सगळ्यांना बोलावून त्याने विचारले, की दातांचे एक्स-रे फोटो वाचणारे हुशार यंत्र आणावे काय? मते मोकळेपणाने मांडा, असेही म्हणाला. यंत्राची ऑर्डर त्याने आदल्या दिवशीच दिली होती.

मते मांडली गेली. एक म्हणाला, यंत्र रजा मागत नाही. दुसरी म्हणाली, यंत्र रुसत नाही, सकाळी त्याला 'चहा घेतला का' विचारावे लागत नाही. तिसऱ्याने सांगितले, की डॉक्टर 'दात किडलाय' म्हणतो तेव्हा रोगी घरी विचारून येतो. पडद्यावर लाल चौकोन आला की तोंड उघडून बसतो. मागच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्या व्यवस्थापकाने तेवढे विचारले, की यंत्र चुकले तर रागवायचे कोणाला? सगळे हसले. त्याची पुढे सुदूरच्या एका शाखेत बदली झाली.

"आणि तू काय म्हणालीस?" शंकासुराने विचारले.

"मी हात वर केला. सगळ्यांत आधी." ताई खाली बघत होती. "बाबांची नजर मंदावत चालली होती. वाटलं, डोळे यंत्राचे आणि हात बाबांचा. आणखी काही वर्षं निघतील. मी ते यंत्र बाबांसाठी आणलं हो."

मग तिने यंत्र दाखवले. जुन्या रोग्यांच्या सगळ्या एक्स-रे फिल्म तिने स्वतः, सुट्टीच्या दिवशी बसून, त्यात चढवल्या होत्या. थोरल्या डॉक्टरांनी वर्षानुवर्षे पुठ्ठ्याच्या चौकटींत शिस्तीने लावून ठेवलेल्या त्या काळ्या फिल्म. तिने चौकटीच्या चौकटी तशाच यंत्राला दिल्या. नंतर त्या फिल्म त्यांतल्या चांदीसाठी विकल्या गेल्या, आणि रिकाम्या चौकटी खिडकीशी रचलेल्या होत्या.

"काका, तुमचं तोंड बघायचंय?" म्हणत तिने माझी जुनी फिल्म पडद्यावर आणली. माणसाने आपले तोंड इतके मोठे पाहू नये. यंत्राने क्षणात हिरवे-लाल चौकोन टाकले आणि वरच्या ओळीत एका जागी लिहिले: 'उजवा, अनुपस्थित.' शाळेत हजेरी घेतल्यासारखे. मी मान डोलावली. एवढ्या शिकलेल्या यंत्रापुढे आपण काय तोंड उघडणार?

शंकासुर मात्र माझ्या गालाकडे बघत होता. तिथे आत जीभ फिरत होती.

"साडूभाऊ," तो म्हणाला, "तुम्हाला सारखं काय चघळायला लागतं हो?"

३

संशयितांना एकेक करून बोलावले. शंकासुराची पद्धत अशी, की तो प्रश्न कमी विचारतो आणि शांत बसतो. समोरच्याला ती शांतता सोसत नाही, आणि तो बोलू लागतो. त्याच्या बायकोवर हा प्रयोग कधी यशस्वी झाला नाही. तिथे शांतताच मिळत नाही.

पहिले आले नवे डॉक्टर. कोट इस्त्रीचा, केस इस्त्रीचे. त्यांचे म्हणणे, यंत्राने 'डावा' असे स्वच्छ लिहिले होते, आणि यंत्र शेकड्यात नव्वदच्या वर बरोबर येते. मग उरलेल्यांचे काय होते, असे मी मध्येच विचारले. ते म्हणाले, ते सरासरीत बसतात. थोरल्या डॉक्टरांबद्दल त्यांना फार आदर होता. त्यांची खुर्ची आपल्या पाठीला नीट बसेल का, हे त्यांनी दोनदा बसून पाहिले होते, असे नंतर सिस्टरकडून कळले.

दुसरा यंत्रवाला, म्हणजे ज्यांनी यंत्र विकले त्यांचा माणूस. तो फोनवर होता. यंत्राला जे चित्र दिले ते त्याने वाचले, एवढीच त्याची साक्ष. चित्र चुकीचे असेल तर, असे विचारल्यावर तो आनंदाने म्हणाला, "मग ते बरोबर वाचतं की, चुकीचंच."

"नवी फिल्म का नाही काढली?" शंकासुराने सिस्टरला विचारले. ती तिसरी.

सिस्टर दवाखान्यात डॉक्टरांइतकीच जुनी. ती म्हणाली, निवेदकाच्या तोंडात काहीही घातले की त्याला उमासे येतात. नव्या यंत्राची ती तोंडात धरायची फोटोची जाड पट्टी तर जिभेला लागायच्या आतच त्याचे डोळे पांढरे झाले. म्हणून जुनी फिल्म बघितली. वर दोन्ही बाजूंना टोप्या, दुखत काहीच नव्हते. पण एका टोपीखाली मुळाशी पू धरलाय आणि पुढेमागे तो दात काढावा लागेल, हे सरांनी पूर्वीच सांगितले होते. कोणता, ते तो विसरला. सरांना त्याचा चेहराच आठवत होता, दात नव्हे.

"आणि सर गोंधळलेले होते," सिस्टर एकदम म्हणाली. मग पदराने तोंड पुसले. "नको होतं हे सांगायला. पण तुम्ही असे बसून राहता की बाई..."

"गोंधळलेले म्हणजे?"

"पडद्याकडे बघून सर आधी उजव्या बाजूला गेले. इंजेक्शनही तिकडूनच मागितलं. मग पुन्हा पडद्याकडे बघितलं, तिथे 'डावा' लिहिलेलं होतं. नुसते बसून राहिले. मग मला म्हणाले, सिस्टर, ट्रे डावीकडे घ्या. असे ते कधी करत नाहीत हो. वय झालं सरांचं."

ताई दारात उभी होती. तिने सगळे ऐकले होते.

"म्हणजे हात नाही," ती हळू म्हणाली. "डोकं चुकतंय बाबांचं."

४

थोरले डॉक्टर मागच्या खोलीत कोटाचे बटण शिवत होते. खिडकीतल्या उजेडाकडे सुई धरून त्यांनी पहिल्याच फटक्यात दोरा ओवला. मला सुईच्या जागी दाभण असते तरी जमले नसते.

"या," ते म्हणाले. "चौकशी ना? सोपी आहे. हात माझा चुकला. लिहून टाका."

गुन्हेगाराने एवढ्या तत्परतेने कबुली दिली की तपासनीसाचा हिरमोड होतो. शंकासुर खुर्चीवर बसला आणि गप्प झाला. पण डॉक्टरही गप्प राहिले. आयुष्यभर त्यांनी तोंड उघड्या माणसांसमोर काम केले होते; शांततेचा त्यांना सराव होता. शेवटी मलाच राहवले नाही. मी म्हटले, डॉक्टर, तुम्ही आम्हाला विद्यार्थ्यांच्या गमती सांगायचात, एक सांगा.

ते हसले. शिकवायला जात तेव्हाची आठवण त्यांनी सांगितली. विद्यार्थी फिल्म बघताना रोग्याच्या समोर उभे असल्यासारखे बघत. डॉक्टर त्यांना म्हणत, बाहेरून कशाला बघता, आत जाऊन बसा. दाताचा खरा शेजारी कोण? जीभ. तिच्या जागी बसा आणि तिथून बघा. फिल्मच्या कोपऱ्यात एक बारीक ठिपका उठवलेला असतो. सगळे जण त्याचा फुगवटा आपल्याकडे करून फिल्म लावतात. डॉक्टरांच्या गुरूंनी त्यांना उलटे शिकवले होते, खळगा आपल्याकडे. अख्ख्या शहरात तसे बघणारे आता ते एकटेच.

"आम्हा जिभेकडच्या लोकांची जात संपली," ते म्हणाले आणि दोरा दाताने तोडला.

शंकासुर उठला. दारापर्यंत गेला, आणि वळून त्याने एवढेच विचारले:

"डॉक्टर, दात बाहेर आला आणि मूळ स्वच्छ दिसलं, तेव्हाच तुम्हाला कळलं ना?"

सुई डॉक्टरांच्या बोटात रुतली. त्या हाताने तोवर एकदाही चूक केली नव्हती.

५

ताईला आणि डॉक्टरांना यंत्राच्या खोलीत बोलावून शंकासुराने दार लावले आणि मला पडद्यासमोर उभे केले.

"साडूभाऊ, खिंडारावर बोट ठेवा."

मी ठेवले.

"ताई, कोणती बाजू?"

"डावी."

"आणि यंत्र काय म्हणतं?"

पडद्यावर माझी हजेरी अजून लागलेली होती. 'उजवा, अनुपस्थित.'

"आता कोणी तरी खोटं बोलतंय," शंकासुर म्हणाला. "यांचं तोंड किंवा यंत्र. यांच्या तोंडाबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही, पण खिंडार खोटं बोलत नाही."

मग त्याने सावकाश उलगडून सांगितले. समोरून बघितले, तर रोग्याची डावी बाजू आपल्या उजव्या हाताला येते. आतून, जिभेच्या जागेवरून बघितले, तर त्याची डावी ती आपलीही डावी. डॉक्टरांनी सगळ्या चौकटी आतून बघून लावल्या. ताईने त्या तशाच यंत्राला दिल्या. यंत्र मात्र जगातल्या इतर सगळ्यांसारखे समोर उभे राहून बघणारे. त्याने प्रत्येक जुन्या रोग्याचे तोंड उलटे वाचले. इतके दिवस निभावले, कारण दुखणारा माणूस स्वतःच बोट दाखवतो. निवेदकाला दुखत नव्हते, आणि नव्या पट्टीने उमासे आले. दोन्ही एकाच माणसात जमले, आणि यंत्राला विचारण्यावाचून कोणाला गत्यंतर राहिले नाही.

"डॉक्टरांनी चित्र बघितलं, नेहमीसारखं आतून. उजवा दात खराब, हे त्यांना बरोबर दिसलं. ते उजवीकडे गेले, इंजेक्शन उजवीकडून मागितलं. सिस्टरला जो गोंधळ वाटला, तेवढंच त्या दिवशी या दवाखान्यात बरोबर झालं. मग त्यांनी 'डावा' हा शब्द वाचला."

ताईने आपल्या दोन्ही हातांकडे बघितले. सुट्टीच्या दिवशी याच हातांनी तिने त्या चौकटी पुसून पुसून यंत्राला दिल्या होत्या.

"बाबा, तुम्हाला बरोबर दिसलं होतं. मग ऐकलंत का त्याचं?"

डॉक्टर बोटावरचा रक्ताचा ठिपका बघत होते.

"तू आणलं होतंस ना ते माझ्यासाठी," ते म्हणाले. "म्हटलं, मुलगी एवढी धडपडली, नजर माझीच गेली असेल."

डॉक्टरच पुढे म्हणाले, की कागदावर हातच चुकला असे लिही. चौकटी तू चढवल्यास हे मालकाला कळलं, तर तुझी नोकरी जाईल. माझी जायचीच आहे. एका घरात एकाची तरी राहू दे.

"नाही," ताई म्हणाली. "खरं तेच सांगेन. खरं कळल्यावर ते तुम्हाला घालवणार नाहीत, बाबा. कसं घालवतील? तुम्हीच तर बरोबर होतात."

माझे वय असे आहे, की त्या वाक्यानंतर काय होणार हे मला दिसत होते. पण मला ते समोरून दिसत होते. ती आत बसली होती.

६

मालक शनिवारी आले. सज्जन माणूस. त्यांनी सगळे शांतपणे ऐकले, मध्ये एकदाही घड्याळ बघितले नाही. मग यंत्रवाल्याला फोन लावला. यंत्रवाला म्हणाला, अहो, एवढंच? जुन्या चित्रांना 'उलटवा' म्हणून एक खूण करायची असते. त्याने दुरूनच ती केली. मालकांचा चहा तोवर निवलाही नव्हता.

"म्हणजे आता यंत्र बरोबर?" मालकांनी विचारले.

"आता बरोबर."

"उत्तम. बाकी कोणाची तक्रार?"

बाकी कोणाची तक्रार नव्हती. आधी ज्यांच्या तोंडात काय झाले असेल ते झाले असेल, त्यांना ते माहीत नव्हते, आणि आपणहून कळवण्याची त्या दवाखान्यात काही पद्धत नव्हती.

ताईने धीर करून विचारले, "मग सरांची खुर्ची?"

मालकांनी फार हळुवारपणे समजावले. हात चुकला असता तर एक वेळ विचार केला असता, म्हातारपण कोणाला चुकलंय. पण ज्याला बरोबर दिसतं आणि तरी जो यंत्राचंच ऐकतो, त्या डॉक्टरचा उपयोग काय? यंत्राचं ऐकायला नवे डॉक्टर आहेत; त्यांची पाठही तरुण आहे. ताईची नोकरी मात्र राहिली. उलट इतर दवाखान्यांतल्या जुन्या फिल्म चढवायच्या होत्या, आणि ठिपक्याचा खळगा कुठे ठेवायचा हे आता तिच्याइतके कोणाला माहीत होते? मागच्या रांगेतल्या त्या म्हाताऱ्या व्यवस्थापकाने म्हणे तिला अभिनंदनाचा निरोप पाठवला. त्याच्या प्रश्नाचे उत्तर सापडले होते.

निवेदकाचा दुसरा दात नव्या डॉक्टरांनी काढला. खराबच होता तो. आता दोन्ही बाजू सारख्या झाल्या. बसस्थानकावर गाड्या सुटतात, पण सुटण्याआधी बारीक शीळ वाजते.

शंकासुराने या प्रकरणाबद्दल पुन्हा शब्द काढला नाही. फक्त घरी परतताना म्हणाला, "साडूभाऊ, मला वाटतं मी गप्प बसायला हवं होतं." त्याच्या तोंडी हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकले.

डॉक्टरांच्या शेवटच्या दिवशी मी हट्टाने गेलो. दाढ त्यांनीच काढायला हवी, असे काउंटरवर सांगून बसलो. ताईने मला आत सोडले. खुर्ची मागे झुकली. वरचा दिवा लागला. डॉक्टर आले, मुखपट्टीवरून डोळ्यांनी हसले.

"कोणती?"

मी उजवीकडच्या दाढेवर बोट ठेवले.

ते उजवीकडे आले. आरसा आत घातला. मग थांबले. सिस्टरने ट्रे पुढे केला, तो त्यांनी घेतला नाही. ते चालत डावीकडे गेले, तिथून बघितले, पुन्हा उजवीकडे आले. माझे बोट मी अजून काढले नव्हते. गाल दुखेपर्यंत ते दाढेवर दाबून धरले होते आणि डोळ्यांनी जेवढे सांगता येते तेवढे सांगत होतो, की डॉक्टर, हीच, हीच, डॉक्टर.

त्यांचा हात मुळीच थरथरत नव्हता. त्यांनी आरसा ट्रेमध्ये ठेवला, हातमोजे काढले आणि दाराकडे बघून हाक मारली.

"अगं, जरा यंत्राला विचारून ये."